चोविसावी ओळ

रफीकभाईंचा नंबर मोबाइलवर झळकला तेव्हा मी गोदामाच्या दारात एका ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. फोन कानाला लावला आणि पलीकडून कोणी काही बोलायच्या आतच मी सुरू झाले... चार नंबरची बारकोडची गन सकाळपासून अडकून बसली आहे, तुमचा पत्ता नाही, हंगाम तोंडावर आलाय, आता काय बोटांवर मोजायची पोती? पलीकडून त्यांच्या मुलीचा आवाज आला, "ताई, अब्बू नहीं रहे." सकाळी चहा पिताना छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गोदामाला माहीत आहे, पण त्या सकाळचं माझं बोलणं मला अजून खातं.

पांढरकवड्यात बसस्टँडच्या मागे रफीकभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी टीव्ही दुरुस्त करणं सोडलं तेव्हा या माणसाने पंचेचाळिशी उलटल्यावर संगणक शिकायला घेतला, तोही कुठल्या क्लासला न जाता. आमचं गोदाम हायवेवर, बियाण्यांचं; तिथल्या नोंदी माझ्याकडे. पोत्यावरचा बारकोड वाचायला हमालांच्या हातात गन असतात, पण त्या गनीला स्वतःची अक्कल नसते. नागपूरच्या मुख्य ऑफिसातल्या जुन्या संगणकाचा पडदा ती फक्त आपल्या इवल्याशा काचेवर दाखवते. तो पडदा चोवीस ओळींचा आणि गनीच्या काचेवर मावतात जेमतेम आठ. कुठल्या आठ दाखवायच्या, लॉट नंबरचा रकाना कुठे ठेवायचा, त्यात किती आकडे घ्यायचे, बारकोड वाचला की पुढे काय व्हायचं, हे सगळं रफीकभाई ठरवायचे. त्याला प्रोग्रॅमिंग म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. कारण पहिले चार दिवस हा माणूस एका खोक्यावर बसून हमालांचे हात नुसते बघत होता. मी वैतागून विचारलं, काम कधी सुरू करणार? तर म्हणाले, "हे कामच करून राह्यलो ना, ताई."

त्या चार दिवसांत त्यांना दिसलं की पोतं पाठीवर असताना माणसाला बटण दाबता येत नाही. म्हणून त्यांनी असं बसवलं की बारकोड वाचला की गन स्वतःच तो नंबर नागपूरला पाठवेल आणि रकाना पुन्हा रिकामा होऊन पुढच्या पोत्याची वाट बघेल. गोदामात जादू झाल्यासारखं झालं. टिक वाजलं की पोतं ट्रकमध्ये, टिक वाजलं की पुढचं. मारोती टेकाम हा झरी जामणीकडचा आमचा सगळ्यात जुना हमाल. आकडे वाचता येतात, इंग्रजी नाही. सुरुवातीला गन हातात घ्यायला तो घाबरायचा, पण महिनाभरात सगळ्यांत भराभर ट्रक भरायला लागला. रफीकभाई त्याच्याकडे लेकाने पहिला नंबर काढल्यासारखे बघायचे.

मग तो हंगाम आला. सोयाबीनचा एक लॉट उगवण चाचणीत नापास झाला. असा माल आम्ही एरवी वेगळ्या शेडमध्ये ठेवतो, पण त्या वर्षी जागाच उरली नव्हती, म्हणून ती थप्पी चांगल्या थप्पीला खेटून लावली. रोखलेला लॉट आहे, संगणक सोडणारच नाही, असा आमचा भरवसा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद जुळवायला बसले. त्याच लॉटची चाळीस पोती झरी जामणीच्या दुकानदाराकडे गेली होती. संगणकातली नोंद उघडली तर प्रत्येक पोत्यापुढे नकार होता आणि प्रत्येक नकारापुढे मारोतीचं नाव. चाळीस वेळा संगणक नाही म्हणाला आणि चाळीस वेळा मारोतीने पोतं चढवलं, हेच वाक्य मी अहवालात लिहिलं. चांगलं ठसक्यात लिहिलं. मारोती पुन्हापुन्हा सांगत होता, "ताई, मले गन काहीच बोलली नाई." मी ऐकून घेतलं नाही. मृग दोन दिवसांवर आला होता, ते बियाणं पेरलं गेलं असतं तर शेतात काही उगवलंच नसतं, आणि तेही मारोतीच्याच गावांकडे. मॅनेजरने त्याला दुपारपर्यंत हिशेब घेऊन जायला सांगितलं. अकरा वर्षांची नोकरी.

निरोप मिळताच रफीकभाई आले ते थेट मारोतीची गन घेऊन नापास थप्पीपाशी गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला बोलावलं, गन माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ताई, तुम्ही करा. मी बारकोडवर गन धरली. टिक वाजलं. काचेवर लॉट नंबरचा रकाना रिकामा, रोजच्यासारखा लुकलुकत होता. माझ्याच तोंडून निघालं, हं, पुढचं. रफीकभाईंनी बोटाने पडदा खाली सरकवला. अगदी तळाला, चोविसाव्या ओळीत, संगणकाचा नकार इंग्रजीत लिहिलेला होता. ती ओळ आमच्या आठ ओळींच्या खिडकीत कधी आलीच नव्हती. आणि टिक म्हणजे पोतं पास, असं तर आम्ही सगळेच धरून चाललो होतो. खरं म्हणजे टिक फक्त एवढंच सांगायचं की गनीला बारकोड वाचता आला.

त्यांनी मॅनेजरच्या टेबलापाशी जाऊन उभ्या उभ्या आपल्या चुकीचा कागद लिहिला. मॅनेजर म्हणत होता, नागपूरच्या मोठ्या ऑफिसला हे कळलं तर पुढच्या वर्षी तुम्हाला काम मिळणार नाही, इतक्या वर्षांत कोणी तुम्हाला नावं ठेवली नाहीत, कशाला ओढवून घेता? रफीकभाई म्हणाले, "साहेब, मारोतीनं पाह्यलं नाही, कारण मी त्याले दिसूच देल्लं नाही. चूक माह्या रकान्याची हाय, त्याच्या हाताची नाही." एवढं बोलून सही केली आणि मारोतीला मोटारसायकलवर मागे बसवून झरी जामणीला निघून गेले. दुकानात सदतीस पोती होती, तीन विकली गेली होती. ती घेणाऱ्या तिन्ही घरी जाऊन, बदली चांगलं बियाणं कबूल करून, दिवस मावळायच्या आत चाळीसच्या चाळीस पोती त्यांनी टेम्पोत घालून परत आणली. मारोतीची नोकरी राहिली. रफीकभाईंचं कामही राहिलं, पण मोठ्या ऑफिसची बोलणी त्यांना वर्षभर खावी लागली.

नंतर त्यांनी तो रकाना नव्याने बांधला. नकार खालून उचलून वर, मधोमध आणला. पण त्या जुन्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत नव्हती, मग मारोतीला कळणार कसं? त्यांनी मारोतीलाच विचारलं. तो म्हणाला, इंग्रजी वाचता येत नाही, पण गन हातात थरथरली तर मी थांबीन. झालं, रोखलेला लॉट आला की गन बराच वेळ थरथरते आणि पोतं खाली ठेवून भिंतीवर लावलेला लाल बारकोड वाचल्याशिवाय पुढे हलत नाही. शिकल्यासवरल्या किती लोकांना हमालाला विचारायचं सुचलं असतं?

मागच्या आठवड्यात नागपूरहून नवा इंजिनिअर आला. हुशार आहे, नम्र आहे. सगळं तपासून म्हणाला, हे लाल बारकोडचं थांबणं काढून टाकू, वेळ जातो. मी त्याला सगळी हकिगत सांगायला लागले. मारोती शेजारीच थप्पी लावत होता. सांगता सांगता मी अहवालापाशी आले आणि अडखळले. इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना म्हणत आले होते की मारोतीवर आळ आला. कोणी घेतला ते कधी सांगितलं नाही. रफीकभाईंनी आपली चूक लिहून दिली आणि तिच्याआड माझीही लपून गेली, ती मी लपू दिली. त्या दिवशी मात्र मी मारोतीकडे वळून म्हणाले, "तो कागद मी लिहिला होता, मारोतीभाऊ. तुमचं ऐकायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

त्याने हातातलं पोतं खाली ठेवलं. म्हणाला, "मालूम हाय मले. त्याच दिवशी गाडीवर रफीकभाईनं सांगतलं होतं. म्हणे ताईवर राग नको धरू, तिले जे दिसलं ते तिनं लिवलं. जे दिसत नव्हतं, ते दाखवाचं काम माहं होतं."

म्हणजे रफीकभाईंनी माझाही भार त्याच दिवशी उचलला होता, आणि मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं. मी तिथेच, नव्या माणसासमोर रडले. तो बिचारा गोंधळून गेला. मग त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, राहू द्या मॅडम, हे थांबणं असंच राहू द्या.