नलूची मांदेली आणि दांडीचे बांबू

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी म्हणायला नको की बाईंनी कौतुकाच्या भरात तिखटमीठ लावलं. सालवडला आमच्या इमारतीखाली जी टगी कुत्री पसरलेली असतात त्यांना वळसा घालत मी वर्षानुवर्षं भाजी आणते आहे आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देते आहे. तरीही या बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात तुझं मनापासून आवडतं माणूस कोण असं कोणी विचारलं, तर मी नलूचं नाव घेईन. आणि नलूचं नाव घेतलं की मांदेलीचं घ्यावंच लागतं. मांदेली म्हणजे तिची कुत्री.

नलू किनाऱ्यावरच्या दांडी गावची. नवरा दामू बोटीवर जातो, लेक लग्न होऊन सासरी गेली, आणि नलू बोंबील सुकवते नि विकते. आठवड्यातून दोनदा रिक्षानं सालवडला येते, पाटी आमच्या दारात टेकवते आणि आधी चहा मागते. भावात एक पैसा सोडत नाही. मी घासाघीस करायला लागले की ती उठायचं सोंग करते, मी "बस गं बाई" म्हणते, मग ती मूठभर जवळा वर टाकते आणि वर मलाच ऐकवते, "वैनी, तुमी आमच्यासारक्या गरिबाला लुटता." हे नाटक आम्ही दोघी न चुकता करतो, आणि एखाद्या खेपेला घाई असली नि ते राहून गेलं तर मला दिवसभर चुकल्यासारखं वाटतं.

मांदेली तिला किनाऱ्यावर, उलट्या घातलेल्या होडीखाली सापडली. एवढंसं पिल्लू, अंगावरचा रंग थेट मांदेली मासळीसारखा सोनेरी, म्हणून नाव मांदेली. दामूनं विचारलं, "ही करनार काय?" नलू म्हणाली, "बोंबील राखील." यावर सगळी दांडी पोट धरून हसली.

हसण्यासारखंच होतं ते. बायका मासळी सुकवतात त्या वाळूच्या मोकळ्या जागेला खळं म्हणतात. दांडीच्या खळ्यावर उभ्या खांबांना आडवे बांबू बांधलेले असतात आणि त्यांवर बोंबील टांगतात, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. पुढचं काम ऊन-वारा करतो. माणसानं फक्त कावळे, मांजरं आणि कुत्री यांना लांब ठेवायचं. आणि याच कामावर नलू कुत्री नेमायला निघाली होती.

पण बाई जिद्दीची. पिल्लू बांबूकडे निघालं की ती वाळूत फतकल मारून बसायची आणि जिभेनं 'च्यक्' करायची. पिल्लू वळून तिच्याकडे आलं की बोंबलाचं डोकं बक्षीस. मारणं नाही, ओरडणं नाही. होता होता मांदेलीच्या डोक्यात पक्कं बसलं की बांबूला तोंड लावायचं नाही, खालून घुसायचं नाही, वरून उडायचं नाही. बाहेरून फेऱ्या मारायच्या आणि येईल त्याच्यावर भुंकायचं. "घरात माजं आयकनारं हेच एक हाय," नलू मला सांगायची. दामू तेव्हा नेमका समुद्रात असायचा, त्यामुळे त्याचं यावर काय म्हणणं आहे ते मला कधी कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मात्र नलू आली ती चहा न मागता पायरीवर बसली. मी विचारलं तर डोळ्यांना पदर लावला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीनं पहाटे, नलू नि मांदेली घरी झोपलेल्या असताना, खळ्यावर धाड घालून तीन घरांचे बोंबील ओढून नेले होते. बायका खवळल्या होत्या. खळ्यावर शब्द चालतो तो सुलूकाकीचा, कारण वयानं ती सगळ्यांत मोठी आणि आवाजानंही. तिनं सांगून टाकलं होतं की यापुढे खळ्यावर एकही कुत्रा दिसता कामा नये. मांदेलीसुद्धा.

"मी बोलले, माजी तोंड लावत नाय," नलू सांगत होती. "त काकी बोलते, कुत्र्याच्या जातीचा काय भरवसा? तिला तुज्या भावाकडं दातिवऱ्याला धाड. वैनी, दिवसभर मी खळ्यावर. ती तिकडं दातिवऱ्याला नि मी इकडं एकली. मंग मी बोलू कोनाशी, बांबूंशी?"

मला कुत्री आवडत नाहीत, पण नलू रडलेली मला अजिबात चालत नाही. आतून माझा भाचा शैलेश बाहेर आला. हा आमच्याकडेच राहतो, कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावर लोकांच्या कुत्र्यांना शिकवतो. लोक त्याला याचे पैसे देतात, हे मला अजून खरं वाटत नाही. तो म्हणाला, "नलूमावशी, पुढच्या महिन्यात बोईसरला कुत्र्यांची स्पर्धा आहे. आधी आज्ञापालन, मग अडथळ्यांची शर्यत, आणि दोन्ही मिळून कप. मांदेलीला उतरवा. कप आणलात तर कोण बोलेल?"

नलूनं हे सुलूकाकीच्या कानावर घातलं. काकी विचार करून म्हणाली, "बरं हाय. बाहेरच्या सायबानं हिला शहाणी बोललं त आमी कोन नाय बोलनार? कप आन नि कुत्री ठेव. नायतर दातिवरा." बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. झालं, ठरलं.

मग मांदेलीची शाळा सुरू झाली. मैदानावर सगळी साहेबलोकांची कुत्री, ब्रूनो नि सिंबा अशा नावांची, आणि त्यांच्यात ही दांडीची मांदेली. शैलेश "सिट" म्हणाला की ती त्याच्याकडे बघायचीही नाही. नलूनं "बस गो" म्हटलं की बूड टेकलंच. बिस्किटाला तिनं नाक मुरडलं. नलूनं ओच्यातून जवळा काढला तेव्हा तिचं अभ्यासात लक्ष लागलं, आणि आजूबाजूच्या ब्रूनो-सिंबांचं उडालं. आज्ञापालनात ती पटकन तयार झाली. कापडी बोगद्यातून तर इतक्या खुशीत पळायची की बाहेर आली की पुन्हा आत शिरायची.

घोडं अडलं ते उड्यांवर. शैलेशचे पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपांचे आडवे दांडे होते. मांदेली दांड्यापाशी यायची, थांबायची आणि बाजूनं फेरी मारायची. नलूही मनातून कचरत होती. "शैलेश, हिला उडी शिकवली नि उद्या ही खळ्यावर उडाली त? कप पन गेला नि अब्रू पन."

"मावशी, पाइप वेगळा नि बांबू वेगळा. कुत्र्याला कळतं ते," शैलेश म्हणाला. आणि खरंच, दांडा जमिनीलगत ठेवून, मग थोडा थोडा वर चढवत त्यानं तिला शिकवलं. महिन्याअखेरीस मांदेली पाइपांवरून अशी उडायला लागली की ब्रूनोची मालकीणबाई गप्प झाली. ती बाई गप्प झालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

स्पर्धा रविवारी. शनिवारी दुपारी कळलं की मुंबईहून सामान आणणारा टेम्पो मनोरच्या अलीकडे बंद पडला आहे आणि तो काही वेळेत येत नाही. बोगदा होता, खांब होते, पण दांडे नव्हते, आणि शैलेशकडचे पाइप मोठ्या मैदानाला पुरणारे नव्हते. त्यानं कपाळाला हात लावला आणि नलूला फोन केला, "मावशी, कुठून बांबू मिळतील का?" नलूनं काकीला विचारलं. आणि काकी म्हणजे कोणी मदत मागितली की छाती फुगणारी बाई. खळ्यावरचे चांगले सरळ बांबू तिनं निवडून काढले, साबण लावून घासून घेतले आणि म्हणाली, "गावाचं नाव जायला नको." शैलेशनं त्यांना लाल-पिवळ्या फिती गुंडाळल्या. सगळे खूश. एकाच्याही डोक्यात पुढचं आलं नाही, माझ्याही नाही, आणि मी तर तेच बोंबील दर आठवड्याला घरात आणते.

रविवारी दांडीच्या बायका टेम्पो करून आल्या. साड्या ठेवणीतल्या, डोक्यात गजरे. पुण्याचे परीक्षक आले होते, डोक्यावर हॅट. शैलेशनं मला पहिल्या दांड्याशेजारी खुर्चीवर बसवलं. "आत्या, दांडा पडला तर परत ठेवायचा, बस." कुत्र्यांच्या स्पर्धेत मी! पण भाच्यापुढे बोलता येत नाही.

आज्ञापालन छान झालं. मांदेली नलूच्या पायाला पाय लावून चालली, बस म्हटलं तिथे बसली, हाक मारली तेव्हा आली. तिचा दुसरा नंबर लागला. नलूचा जीव भांड्यात पडला आणि बायकांनी असा गलका केला की परीक्षकांना शिट्टी वाजवावी लागली.

मग उड्या. पहिला आला ब्रूनो. ऐटीत धावत आला आणि माझ्यासमोरच्या दांड्यापाशी गचकन थांबला. नाक पुढे केलं. डोळे मिटले. आणि दांडा चाटायला लागला! मालकीणबाई "जंप, ब्रूनो, जंप" म्हणून घसा फोडताहेत आणि ब्रूनो बांबूच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीत चाटतो आहे. साबणानं वरचा मळ जातो; वर्षानुवर्षं मुरलेला बोंबील कुठला जायला? त्याच्यामागून आलेल्या कुत्र्यानं दांडा तोंडात धरून मैदानाबाहेर धूम ठोकली. कारखान्याच्या पहाऱ्यावरचा तो भलामोठा अल्सेशियन, ज्याला कामगार चळचळा कापतात, तो पुढच्या पायांत बांबू धरून कुल्फी खावी तसा बसला. मी दांडे उचलून ठेवत होते, त्यामुळे माझ्या हातांनाही वास लागला, आणि मग कुत्री माझे हात चाटायला लागली. मी किंचाळले. कोणी ऐकलं नाही, कारण सगळं मैदान हसत होतं.

आणि नलूला पुकारलं.

ती पांढरी पडली होती. तिला कळलं होतं. सगळी कुत्री नापास होत चालली होती. मांदेलीनं नुसत्या चार उड्या सरळ मारल्या तरी कप तिचाच होता. मांदेली धावत आली, दांड्याच्या हातभर अलीकडे थांबली, नाक वर केलं आणि वळून नलूकडे पाहिलं. "उड गो," नलू म्हणाली. मांदेली हलली नाही. नलूनं पुन्हा तोंड उघडलं, आणि मिटलं. मी अगदी जवळ होते, मला दिसलं. तिला तो हुकूम देववेना. जी गोष्ट तिनं वाळूत बसून बसून शिकवली होती, ती तिच्याच तोंडानं मोडायला तिचं मन घेईना. मी खुर्चीतून अर्धी उठले, आणि तेही एका कुत्रीपायी.

मांदेलीनं मग स्वतःच ठरवलं. तिनं दांड्याकडे पाठ केली आणि राखणीला बसली. ब्रूनो मालकिणीच्या हातून सुटून पुन्हा चाटायला आला, तर ती अशी गुरगुरली की त्यानं शेपूट घातली. तिथून उठून ती दुसऱ्या दांड्याकडे गेली, अल्सेशियनवर भुंकून त्याच्याकडून बांबू सोडवला, मग तिसऱ्याकडे. सगळ्या मैदानाला बाहेरून फेरी घालून ती परत आली आणि माझ्या खुर्चीपाशी उभी राहिली. माझे हात तिनं हुंगले. चाटले नाहीत.

परीक्षकांनी शिट्टी मारली. "एकही उडी नाही. बाद." कप शेवटी एका सर्दी झालेल्या पॉमेरेनियनला मिळाला. त्याला कसला वासच येत नव्हता.

नलू मैदानाच्या कडेला खाली बसली, मांदेलीच्या गळ्यात हात टाकून. "चल बाय," ती तिला म्हणाली, "दातिवऱ्याला पन दर्या हाय." मी काहीतरी बोलायला जाणार, तेवढ्यात सुलूकाकी गर्दीतून वाट काढत आली. मागे सगळ्या बायका.

"कप नाय भेटला, काकी," नलू मान वर न करता म्हणाली.

काकीनं मैदानाकडे पाहिलं. उरलेले बांबू अजून चाटले जात होते. मग ती मांदेलीकडे वळली. "कप नेऊन काय बोंबील टांगायचे हायत त्याच्यावर?" ती म्हणाली. "ऊठ. ही कुटं नाय जात. आनी आयक, उद्यापासून माज्या बांबूंकडं पन एक फेरी मारायला शिकव तिला."

नलूनं डोळे पुसले. "रोज मारते की, काकी. पहिल्यापासून मारते. तिला काय ठावं कोनचा बांबू कोनाचा?"

काकीनं कमरेवर हात ठेवले. "मंग मला आदी का नाय बोललीस?"

"तू इचारलंस कुटं?" नलू म्हणाली. "तू कप मागितलास."