इस्त्री केलेलं न्यूयॉर्क

ये तारा, अशी जवळ बस बघू. बाबा माझं पत्र वाचून दाखवतोय ना, मग तो फोन जरा पालथा घालून ठेव. आणि परेश, तू मधलं मधलं गाळायचं नाही हं, सगळं वाचायचं. तारा, तुला मराठी कळतं आणि तू उत्तर इंग्रजीत देतेस, याबद्दल मी तुला कधी चकार शब्द बोलले नाही. पण आजोबा गेल्यापासून तू मला चारदा विचारलंस, की शेवटी शेवटी त्यांनी फोन करायचं का सोडलं. चारही वेळा मेसेजमध्ये. असले प्रश्न अंगठ्याने टाइप करून विचारतात का गं वेडे? असो. आज उत्तर देते. पण आधी माणूस सांगते, मग कारण. नुसतं कारण ऐकून तुला काही कळायचं नाही.

तुझा आजोबा वर्तमानपत्राला इस्त्री करायचा. हो, इस्त्री. इथे क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, एकटा माणूस, शर्टाला इस्त्री करतोय. जवळ जाऊन बघते तर टेबलावर चुरगळलेला पेपर पसरलेला आणि इस्त्री रेशमावर लावलेली. तुझ्या बाबाने न्यूयॉर्कहून विटामिनच्या बाटल्या पाठवल्या होत्या. त्या फुटू नयेत म्हणून भोवती तिथल्या पेपरचे बोळे कोंबले होते. तो छोट्या आकाराचा, वीतभर मथळ्यांचा, खून-मारामाऱ्या आणि नटनट्यांच्या भानगडींचा पेपर. त्यांनी बाटल्या कपाटात टाकल्या आणि बोळे सरळ केले. पुढच्या फोनला त्यांनी परेशला सांगितलं, "गोळ्या नकोत. नुसते बोळे पाठव." तेव्हापासून दर महिन्याला पेपरांचा गठ्ठा यायला लागला आणि आमच्या क्राइस्टचर्चच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव कात्रणकाका पडलं.

पुण्याला छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे मथळा दिसला की आधी त्याचा आकार सांगायचे, अर्थ नंतर. मग तो गावरान अमेरिकन शब्द बारीक कात्रीने कापायचा, वहीत चिकटवायचा आणि शेजारी मराठी लिहायचं. तिथल्या महापौराला तो पेपर 'हिझॉनर' म्हणतो. काकांनी लिहिलं, 'आमचे मायबाप.' पोलिसांनी धरलेला 'पर्प'. त्याच्यापुढे, 'संशयित, पण शेजाऱ्यांच्या मते नक्कीच.' गाडीत कडीला धरून उभा राहणारा 'स्ट्रॅपहँगर'; त्याला 'लोंबकळ्या.' एकदा मी 'कनूडलिंग' म्हणजे काय विचारलं तर कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. "चारचौघांत लाडीगोडी," म्हणाले आणि पान उलटलं.

मी म्हणायचे, "काका, असल्या गुंडापुंडांच्या भाषेत काय ठेवलंय?" तर म्हणायचे, "सुमनताई, मथळ्यात जागा नसते. आणि जागा नसली की माणूस खरं बोलतो."

मला राग यायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. बारा-तेरा वर्षं हॉर्नबीत काढली, पण इथला एक शब्द या माणसाने तोंडात घेतला नाही. कोपऱ्यावरच्या डेअरीतली बाई रोज हसून माओरीत 'किया ओरा' म्हणून नमस्कार करायची, हे मान हलवायचे. बस ड्रायव्हर 'स्वीट अ‍ॅज' असं 'झकास'च्या अर्थी म्हणाला की माझ्याकडे बघायचे, जणू त्याने वाक्य अर्धवट सोडून काही लपवलंय. एकदा मी बसथांब्यावर चिडून म्हटलं, "अहो, ज्या गावचं पाणी पिता त्या गावचे दोन शब्द तरी शिका!" वारा असा बोचरा होता. काकांनी मफलर कानावर ओढला आणि म्हणाले, "पोरगी इथं नाही, ताई. पोरगी तिथं आहे."

पोरगी म्हणजे तू. तुझा बाबा इथून नोकरीसाठी अमेरिकेला निघाला तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तोंडाला मराठीची नुसती धार होती. आजोबांच्या व्हिसाचं काही जमेना, म्हणून ते मागे राहिले. मग दर रविवारी सकाळी, तुमच्या शनिवारी संध्याकाळी, ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे. माझ्या टॅबवर चेहरा मोठा दिसतो म्हणून. वर्षागणिक तुझं मराठी आटत गेलं. शेवटी "हाय आजोबा, आय अ‍ॅम गुड" एवढ्यावर आलं. फोन बंद झाल्यावर ते काळ्या पडद्याकडे बघत बसायचे. मी चहा पुढे सरकवला की म्हणायचे, "एकदा तरी तिच्याशी दहा मिनिटं बोलायचंय. तिच्या भाषेत. माझी जायची वेळ व्हायच्या आत." एवढ्यासाठी ती इस्त्री होती, तारा. त्या माणसाला वाटायचं, न्यूयॉर्कच्या पेपरात जे छापतात तेच न्यूयॉर्कची पोरं बोलतात.

वह्या सात झाल्या तेव्हा त्यांनी धीर केला. दाढी करून, स्वेटर बदलून आले आणि तू दिसताच सुरू झाले, "तारा! आमचे हिझॉनर काय म्हणतात? आणि तुझा बाप कुठाय, 'ऑन द लॅम' की काय?" म्हणजे फरार का! तू आधी बघतच राहिलीस. मग अशी हसलीस, की माझ्या ओट्यावरच्या वाट्या वाजल्या. "आजोबा, नोबडी टॉक्स लाइक दॅट!" म्हणालीस आणि मैत्रिणींना बोलावलंस. त्या दिवशी दहा नाही, चाळीस मिनिटं झाली. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्याही. काका घरी जाताना बसमध्ये स्वतःशी हसत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

आता ऐक. चौथ्या आठवड्यात माझ्या नातीने मला तिच्या फोनवर एक व्हिडिओ दाखवला. माझंच स्वयंपाकघर, त्यात काका, हात नाचवत ते गुंडांचे शब्द बोलतायत. तू टाकला होतास. खाली लोकांचं लिहिणं, भलत्याच अक्षरांत तोडलेलं, मला काही लागेना. मला कळली ती फक्त हसून डोळ्यांतून पाणी येणारी पिवळी तोंडं. ओळीने शेकडो. माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याची थट्टा चालवलीय जगभर! तशीच चपला घालून मी त्यांच्याकडे गेले आणि सांगून टाकलं. दाखवलं काहीच नाही, फोन तर नातीकडेच होता. नुसतं सांगितलं, तेही तिखटमीठ लावून.

काका पेपरातले शब्द कापत बसले होते. कात्री खाली ठेवली. म्हणाले, "म्हणजे ती माझ्याशी बोलत नव्हती. मला दाखवत होती." मी म्हटलं, "मुलं आजकालची..." तर हाताने थांबवलं. "तिची चूक नाही, ताई. मी शिकलो ती मथळ्यांची भाषा. घरात कोणी मथळ्यांत बोलतं का?"

त्या रविवारी ते आले, पण तुझा फोन वाजला तेव्हा मला म्हणाले, "झोपलेत म्हणून सांगा." मी सांगितलं. त्याच्या पुढच्या रविवारी, "देवळात गेलेत." मी तेही सांगितलं. मग ते यायचेच बंद झाले. पुढचे दोन गठ्ठे दाराशी तसेच पडून ओले झाले. मी उचलून आत ठेवले तर म्हणाले, "असू देत."

जुलैत छातीत कफ भरला आणि हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे एक माओरी नर्स होती, येता-जाता 'किया ओरा' म्हणायची. तिसऱ्या दिवशी काकांनी तिला उलट 'किया ओरा' म्हटलं.  मला म्हणाले, "हे शब्द बरे आहेत. हळू आवाजात बोलता येतात." तुझं नाव एकदाच काढलं. म्हणाले, "तारा हसते तेव्हा अगदी तिच्या आजीसारखी. इतकी वर्षं फोनवर नुसती गुड गुड करायची, त्यामुळे कळलंच नव्हतं." मी तेव्हाच तुला फोन लावायला हवा होता. मला वाटलं, उद्या जरा दम कमी झाला की लावू. उद्या सकाळी ते नव्हते.

तुझा बाबा येऊन दिवस करून गेला. तुझी उन्हाळी सत्राची परीक्षा होती. नंतर तू मला फोन केलास, आठवतं? रडत रडत, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. म्हणालीस, माझ्या शहराबद्दल माझ्याशी बोलायचा खटाटोप घरात फक्त आजोबांनी केला. म्हणालीस, तो व्हिडिओ मी मिरवायला टाकला होता, माझे आजोबा बघा म्हणून, आणि खाली लोक विचारत होते, पुढच्या शनिवारी ते काय बोलणार? तू मला त्यातलं थोडं वाचूनही दाखवलंस.  ते वाचायची चिकाटी असलेला अख्ख्या हॉर्नबीत एकच माणूस होता. शब्द शब्द लावून त्याने त्याचा अर्थ काढला असता. आणि त्यालाच मी ते दाखवलं नव्हतं.

तेव्हा मी तुला एवढंच म्हटलं, "आजारी होते गं, म्हणून फोन करत नव्हते." खोटं होतं ते. आजारी ते नंतर पडले.

तर उत्तर हे आहे, बाळा. तुझ्या आणि त्यांच्या मध्ये मी आले. तू काही चुकली नाहीस; आपलं चुकलं असं तुला उगाच वाटत राहू नये म्हणून लिहिलं. हे फोनवर माझ्याने बोलवलं नसतं, आणि तू समोर येईपर्यंत मी असेन की नाही, कोणी सांगावं? तुला माझा राग येईल, यायलाच हवा. पण तो मेसेजमध्ये काढू नकोस. डिसेंबरात कॉलेजला सुट्टी लागली की ये, माझ्यासमोर बस, इंग्रजीत तर इंग्रजीत, पण मनात येईल ते मला तोंडावर बोल. मी सगळं ऐकून घेईन. फक्त लवकर ये.