दौंडच्या पाळण्यापाशी फ्रान्सचं गाणं

शिरूरहून निघालेली आमची एसटी न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली. माझी भाची सुनंदा दौंडला असते. तिच्या नातीचं बारसं, आणि पाळणा म्हणायला मी. कंडक्टरला म्हटलं, "भाऊ, बाळ चालायला लागंल आता." तो म्हणाला, "आजी, म्होरं ऊस हाय. पाळना हितंच म्हना की!"

रेल्वे कॉलनीतलं घर घुगऱ्यांच्या (शिजवलेल्या हरभऱ्यांच्या) वासानं भरलं होतं. पण आत दोन बायका एकमेकींकडं पाठ करून बसलेल्या. एक सुनंदाची सून क्लेर, दुसरी क्लेरची आई. सुनंदाचा निलेश फ्रान्सला नोकरीला गेला आणि तिकडंच लग्न केलं, हे सांगायचं राहिलंच. बारसं मात्र इथं करायचं म्हणून तीन महिन्यांचं लेकरू घेऊन सगळे आलेले.

"काय झालं रे?"

"गाण्यावरनं भांडण, आजी," निलेश म्हणाला.

त्यांच्याकडं नावाड्याचं एक जुनं गाणं आहे. त्यात नाव समुद्रात जाते ती परत येत नाही. क्लेरला शाळेत शिकवलं त्यात नावाडी सुखरूप घरी येतो. क्लेर म्हणे, बुडालेला माणूस मी लेकराच्या उशाशी आणणार नाही. आई म्हणे, माझा मामा असाच गेला, माझी आई हेच गायची. शेवट बदलणार असशील तर मी पाळण्याला हात लावत नाही.

बायका जमल्या, पाळणा सजला, आणि विहीणबाई कोपऱ्यात तशाच. मला राहवेना.

"निलेश, सांग त्यास्नी. माझ्या आईच्या पाळण्यात सासूच्या जाचाचं एक कडवं हाय. बाळंतिनीची सासू म्होरं बसली आसंल तर मी ते गाळते."

सुनंदा म्हणाली, "अगं मावशी! म्हंजी निलेशच्या बारशाला पन गाळलं व्हतंस?"

"तुझी सासू म्होरंच व्हती की!"

बायका हसल्या. निलेशनं सांगितलं तशी विहीणबाईंनी विचारलं, मग ते कडवं गेलं कुठं?

"गेलं न्हाई. सासू पानी प्यायला उठली की म्हनते."

त्यांना ते ऐकायचंच होतं. म्हटलं. सुनंदानं पदरात तोंड लपवलं. विहीणबाई खळखळून हसल्या, उठल्या आणि पाळण्याची दोरी धरली.

त्यांनी नाव समुद्रात नेली आणि तिथं थांबून लेकीकडं पाहिलं. क्लेरनं पलीकडून सूर धरला आणि नावाड्याला घरी आणलं. मग विहीणबाईंनी खिडकीकडं तोंड करून आपला शेवटही हळूच म्हटला. क्लेरनं अडवलं नाही. तिचा हात आईच्या पाठीवर होता.

परतीच्या एसटीत वाटत राहिलं, ऐकायला कोण बसलंय ते बघूनच गाणं बदलतं, त्यात काही वावगं नाही. फक्त गाळलेलं कुणीतरी पोटात ठेवायला हवं. सासूचं ते कडवं माझ्यामागं कुणाला येतं? कुणालाच नाही.

शिरूरला उतरले, घरी आले, पाय धुतले आणि सुनेला हाक मारली, "ये, बस जवळ. सासूम्होरं म्हनत न्हाईत आसं एक कडवं हाय, ते शिकून घे."