फाटकापलीकडचा नमस्कार

आल्प्समधल्या या गावात रस्त्यावर कोणी कोणाकडे बघत नाही. पण गुरांसाठी लावलेलं फाटक ओलांडून डोंगराची पायवाट लागली, की तीच माणसं थांबून, चेहऱ्याकडे बघून नमस्कार करतात. सकाळी बेकरीत माझ्याकडे ढुंकूनही न पाहिलेल्या आजोबांनी वर चक्क टोपी काढली! उंचावर माणूस मोकळा होत असेल का? मी उतरलेल्या घराच्या मालकीणबाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, "वर गेलेलं कोणी परतलं नाही, तर शोधणारे आम्हालाच विचारतात, कुठे दिसला, अंगावर काय होतं? म्हणून नीट बघून घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी वर धुकं होतं. समोरून एक मुलगी एकटीच आली. मी नमस्कार केला. तिचं जाकीट लाल होतं.