शेवटच्या रांगेचा पुठ्ठा

आमच्या थिएटरात फुकट सिनेमा बघायचा तर तिकीट काढण्यापेक्षा जास्त त्रास होतो, आणि हा त्रास द्यायचं काम एकतीस वर्षं एकच माणूस करत आला. सगळे त्यांना पासवाले काका म्हणतात. मी खिडकीवर तिकिटं विकते. माझ्या पाठीमागे जिन्याखाली जी जागा आहे तिला खोली म्हणायला जीभ रेटत नाही, पण काकांचं ऑफिस तेच. एक टेबल, एक कपाट आणि काका एवढंच तिथे मावतं. पास मागायला येणाऱ्याने दारात उभं राहायचं.

पास फक्त दुपारच्या खेळाला. शेवटच्या रांगेत एकवीस खुर्च्या, त्यातल्या वीस पासच्या. कडेची एकविसावी, दाराजवळची, विकायची. पास कुणाला? विजेच्या ऑफिसातल्या साहेबांना, समोरच्या डॉक्टरांना, पोस्टरं चिकटवणाऱ्याच्या घरच्यांना, अशा लोकांना. काकांच्या रजिस्टरात नाव, खुर्ची नंबर आणि ‘कारण’ असे तीन रकाने, आणि शेवटी चौथा, ‘आले की नाही’. खेळ सुरू होताना काका दाराशी स्टुलावर बसून हा चौथा रकाना भरत.

कारण पटल्याशिवाय पास नाही. एकदा खुद्द मालकांनी साडूसाठी पास मागितला. काकांनी पेन उघडलं. “कारण काय लिहू?”

“अहो, साडू आहे माझा!”

“ते नातं झालं, मालक. कारण सांगा.”

मालकांनी माझ्या खिडकीवर येऊन तिकीट काढलं. हसू दाबता दाबता माझ्या नाकी नऊ आले.

पण हाच माणूस बायकोच्या बाबतीतही असाच. काकू दर शनिवारी दुपारी यायच्या, रांगेत उभ्या राहायच्या आणि एकविसाव्या खुर्चीचं तिकीट काढायच्या. शेजारच्या वीस खुर्च्यांवर सगळं गाव फुकट बसलेलं आणि पासवाल्याची बायको तेवढी विकतच्या खुर्चीत. मी एकदा म्हटलं, “काका, काकूंना द्या की एक पास.” तर म्हणाले, “कारण काय लिहू? बायको?” काकूंनी कधी मागितला नाही, पण मला मात्र काकांचा फार राग यायचा. खरं ते सांगते.

मग मालकांचे जावई मॅनेजर होऊन आले. पहिल्याच सोमवारी त्यांनी काकांना बोलावून सांगितलं, “पासवरून एक जरी तक्रार आली तरी हे खातं बंद. मग तुम्ही घरी आराम करा.” काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बासष्ट वर्षांचा माणूस, जिन्याखालची ती जागा सोडून दुसरं काही ठाऊक नाही. घरी आराम करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. जाता जाता मॅनेजर आणखी एक बोलून गेले. “आणि खिडकीतला तो कळकट पुठ्ठा बदला.”

त्या पुठ्ठ्याने सगळा घोळ केला. माझ्या खिडकीशेजारी एक खिळा आहे. दुपारच्या खेळाला काका त्यावर ‘पास’ असं लिहिलेला, वीस नंबरांचा पुठ्ठा लटकवत. पुठ्ठा खिळ्यावर असला की शेवटची रांग विकायची नाही, नसला की विकायची. सकाळ-संध्याकाळच्या खेळांना तो नसतो, तेव्हा मी बिनधास्त विकते. विचारायचं नाही, सांगायचं नाही, खिळ्याकडे बघायचं, एवढीच आमची पद्धत.

त्या शनिवारी नवा सिनेमा लागला होता आणि गर्दी जिन्यापर्यंत आली होती. एक वाजता खिडकी उघडली, सवयीने खिळ्याकडे बघितलं. रिकामा. मी धडाधड विकत सुटले. पहिलं तिकीट काकूंनी नेलं, एकविसावी. सव्वादोनला ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लावून हात झटकले, तोच काका आले. दोन बोटांत नवा कोरा पुठ्ठा, त्यावर लाल रंगातले ओले नंबर. गच्चीत वाळत घातला होता म्हणे.

त्यांनी माझ्या खुर्च्यांच्या तक्त्याकडे बघितलं. “शेवटची रांग?”

“गेली.”

“कुठे गेली?”

“विकली, काका. पुठ्ठा नव्हता.”

काका मटकन खाली बसले. चूक त्यांची होती तितकीच माझीही होती. एकतीस वर्षांत दुपारच्या वेळी तो खिळा कधी रिकामा राहिला नव्हता आणि मी मान वळवून एका शब्दाने विचारलं नाही. वीस पास वाटलेले, वीस खुर्च्या विकलेल्या, खेळ तीनला. मला रडू यायला लागलं.

“रडू नका, बाई. रजिस्टर द्या इकडे,” काका म्हणाले आणि चौथ्या रकान्यावरून बोट फिरवायला लागले. “डॉक्टर येत नाहीत, पास नुसते ड्रॉवरमध्ये साठवतात. विजेचे साहेब नवा सिनेमा बघत नाहीत, लोक शिट्ट्या मारतात म्हणून. पोस्टरवाल्याच्या घरचे तिघंही येणार. बँकवाले रजेवर.” असं करत ते शेवटच्या नावापर्यंत पोचले. “मालकीणबाई. पास मॅनेजरसाहेबांनी स्वतः नेलाय, पण गुडघे धरल्यापासून सहा वर्षांत त्या आलेल्या नाहीत. म्हणजे आठ जण येतील. आठ खुर्च्या शोधा.”

ऑफिसातल्या चार, कँटीनच्या दोन, ऑपरेटरच्या खोलीतल्या दोन. मी आणि डोअरकीपर, दोघांनी त्या ओढत आणून शेवटच्या रांगेमागच्या मोकळ्या जागेत मांडल्या. तीनला दहा कमी असताना पास घेतलेले लोक यायला लागले. एक, दोन, पोस्टरवाल्याच्या घरचे तीन... मी बोटं मोजत होते. आठवा माणूस बसला आणि दिवे मंद झाले. आठ म्हणजे आठच! मला काकांचे पाय धरावेसे वाटले.

तेवढ्यात दाराचा पडदा सरकला आणि काठी टेकत मालकीणबाई आत आल्या. हातात पास, मागे मॅनेजर.

“सासूबाईंचा नंबर बारा ना?” मॅनेजरनी विचारलं. बारावर एक गृहस्थ मांडी ठोकून बसलेले. आता सगळं संपलं, असंच मला वाटलं.

काकू उठल्या. अंधारात, काही न विचारता, जणू त्या निघणारच होत्या. “या, इथे बसा,” त्या मालकीणबाईंचा हात धरून म्हणाल्या. “ही कडेची आहे, पाय लांब करता येतील. मध्ये अडकून बसलात तर गुडघे दुखतील.” आणि स्वतः दाराशी जाऊन काकांच्या स्टुलावर बसल्या. काका अख्खा सिनेमा स्टुलाशेजारी उभे होते. पडद्याकडे त्यांनी किती बघितलं कोण जाणे, काकूंकडे मात्र बरेचदा बघत होते.

मध्यंतरात मॅनेजर आले. मी जीव मुठीत धरून उभी.

“सासूबाई खूश आहेत,” ते म्हणाले. “गुडघ्याचा विचार करून जागा दिलीत. आणि गर्दी म्हणून मागे जादा खुर्च्यासुद्धा टाकल्यात! पासचं काम चोख आहे तुमचं. चालू द्या.”

माझा जीव भांड्यात पडला. पण काकांनी खरं सांगायला तोंड उघडलं. “साहेब, आज खरं म्हणजे...” मी त्यांच्या पावलावर पाय दिला, चांगला टाचेने. ते कळवळले आणि मॅनेजर चहाला निघून गेले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आम्ही दोघं भिंतीला टेकून वेड्यासारखे हसत सुटलो. काकूंनी दटावलं, “हळू, लोक बघतायत.”

पुढच्या शनिवारी पुठ्ठा वेळेवर खिळ्यावर होता. मी तीनदा हात लावून बघितला. मग सहज काकांच्या टेबलावरचं उघडं रजिस्टर वाचलं. विसाव्या खुर्चीपुढे काकूंचं नाव होतं आणि ‘कारण’ या रकान्यात काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जागा दिली’.

एक वाजता काकू खिडकीवर आल्या, रांगेतूनच. हातात पास.

“अहो काकू, आज तुम्हाला रांग कशाला? सरळ आत जा.”

“एक तिकीट द्या. एकवीस नंबर.”

“पास आहे ना हातात?”

“पास माझा. तिकीट ह्यांचं. एकतीस वर्षं दाराशी बसलेत, आज बसू देत शेजारी.”

मी म्हटलं, “आणि कारण काय लिहू?”

काकूंनी पदराने चेहरा पुसला, पण हसू काही लपलं नाही.

“तिकिटाला कारण लागत नाही,” त्या म्हणाल्या.