झेंडी दिसल्याशिवाय न जेवणारे जावई

आमच्या धाकट्या जावयाएवढा डोकं फिरवणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा झाला न्हाई, आणि भोकरदनपासून अंबडपर्यंत गावोगाव दवंडी दिली तरी सापडायचा न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस. सळईच्या मिलमध्ये भट्टीपुढं उभं राहून जन्म काढला, मुकादमकी केली. माझ्या एका हाळीवर चांगले चांगले पैलवान पळत सुटायचे. पण ह्या एका माणसापुढं माझं तोंड बंद. कारण ते जावई. आपल्याकडं जावयाला अरे म्हणता येत न्हाई, शिवी देता येत न्हाई, त्यांच्यासमोर तांब्यासुद्धा आपटता येत न्हाई. हा रिवाज ज्यानं पाडला त्याला नुसते पोरगेच असणार. पोटात भट्टी पेटलेली असली तरी वरून "या जावईबापू, बसा" म्हणावं लागतं. इतकी वर्षं गिळलेला तो राग आज इथं काढून राह्यलो. वाचणाऱ्यानं वाचावं, न्हाई त्यानं पान उलटावं.

त्यांचं काम पुण्यात. यंत्राच्या पोटात तळहाताएवढा बोर्ड असतो, त्या बोर्डाला अक्कल शिकवायची हा त्यांचा धंदा. सोयरीक जुळवायला आले तेव्हा मी विचारलं, नेमकं करता काय? तर चहा गार होईपर्यंत सांगत बसले. "मामा, एका बोर्डावर पाच-सहा कामं नांदत असतात. ज्याला निमित्त न्हाई त्यानं झोपायचं. निमित्त झालं की झेंडी वर होते, मंग ते काम जागं होतं. एखाद्याला एक झेंडी पुरते, एखादं सगळ्या झेंड्या वर झाल्याबिगर हलत न्हाई." मी म्हणालो, बरं. पोरगा शिकलेला आहे, बोलतो चांगला, द्या पोरगी. हा माणूस स्वतःसुद्धा झेंडीवरच चालतो, हे मला कोणी सांगितलं न्हाई. सांगितलं असतं तर मी पाटावरून उठलो असतो.

लग्नातच त्याचा पुरावा मिळाला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, बॅंड सुरू झाला. पोरीनं हार घातला. नवरदेव मात्र हातात हार धरून मांडवाच्या खांबासारखे उभे! पाहुण्यांच्या टाळ्या वाजून थंड झाल्या. बाया कुजबुजायला लागल्या, मुलाच्या मनात न्हाई वाटतं. मी घाम पुसत जवळ गेलो, हळूच म्हणालो, "जावईबापू, घाला की." तर म्हणतात कसे, "मामा, भटजींचा इशारा आला. पण फोटोवाले म्हणाले होते, मी हात वर करीन तवाच हार घाला. दोन्ही इशारे पाहिजेत." फोटोवाला मांडवाच्या मागं बॅटरी हुडकत होता. मी गेलो, त्याचं मनगट धरलं आणि त्याचा हात मीच वर केला. तेव्हा कुठं माझ्या पोरीचं लग्न लागलं. त्या फोटोत सगळे हसून राह्यलेत, मी एकटा फोटोवाल्याकडं बघून दात खातोय.

दुसरी खोड झोपेची. निमित्त नसलं की हा माणूस झोपतो. न्हाव्याकडं पाळी यायची असली की झोप, भात शिजायचा असला की झोप. आमच्या मस्तगडच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं, म्हणून मी आपला घडीघडीला उठून नळ बघून येतो. जागता माणूस आणखी काय करणार? एकदा बापू खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मामा, घडीघडी बघितल्यानं पाणी जल्दी येतं का?" मी म्हणालो, न्हाई. "मंग जाता कशाला? पाण्यानंच तुम्हाला उठवलं पाहिजे." आणि नळाखाली पत्र्याचा डबा उपडा ठेवून घोरायला लागले. पुढं काय झालं ते सांगताना अजून माझे कान तापतात. मी नळ बघून आलो, बायकोला, म्हणजे आमच्या म्हातारीला सांगत होतो की पाणी बिलकुल आलेलं न्हाई, तेवढ्यात मागं डबा ठणठण वाजला. बापू घोरता घोरता उठले, नळी लावली, परत येऊन झोपले. म्हातारी पदर तोंडात कोंबून हसली. मी त्या डब्याला अशी लाथ मारली की तो गटारापलीकडं गेला. डबा काही जावई न्हाई.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सहन केलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात मिलच्या शेठनी मला बोलावून घेतलं. मी रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी शेठ मान देतात. आमच्या मिलमध्ये लालबुंद सळई रुळांतून नागासारखी सळसळत बाहेर येते. माझ्या वेळेला ती दिसली की मी "आलीऽऽ" करून ओरडायचो, एक जण कापायचा, दुसरा चिमट्यानं बाजूला घ्यायचा. माझी हाळी अर्धा क्षण चुकली असती तर कोणाचा तरी पाय गेला असता. ती कधी चुकली न्हाई. आता शेठना हे सगळं यंत्रावर पाहिजे होतं. सेन्सरनं सळई बघायची, कात्रीनं कापायची, लोखंडी हातानं गार व्हायला बाजूला ढकलायची. शेठ म्हणाले, "मुकादम, बाहेरचा माणूस आणू का तुमच्या घरचा?" मी छाती फुगवून म्हणालो, "घरचा. शब्द माझा."

त्या शब्दापायी बापू माझ्या पोरीला घेऊन माझ्याच घरी उतरले. आल्या आल्या त्यांनी, मी नवा रंग दिलेल्या भिंतीत, खिळे ठोकले. का, तर ते यायचे-जायचे कधीही, आणि म्हातारी जेवायला हाका मारून दमायची. म्हणून खणाचे तुकडे शिवून झेंड्या केल्या. पिवळी वर म्हणजे जेवण तयार, हिरवी वर म्हणजे पाहुणे आले. घर आहे का रेल्वे टेसन! म्हातारीला मात्र ते लई आवडलं, गळा वाचला म्हणाली. पहिल्या दिवशी पिवळी झेंडी वरच राह्यली, तर बापू दोनदा जेवायला येऊन बसले. मंग त्यांनीच नियम केला की झेंडी ज्याला दिसली त्यानं ती काढून ठेवायची. बहुतेक वेळा आम्ही दोघं एकाच वेळी घरी असायचो, दोघांनाही झेंडी दिसायची, दोघंही पाटावर बसायचो. चालून जायचं. मी जेवता जेवता भिंतीकडं बघायचो आणि घास चावायच्या ऐवजी दाढा चावायचो.

तिकडं मिलमध्ये यंत्र बसलं, चाललं, आणि थांबायला लागलं. रोज न्हाई, चार चार पाळ्या लोण्यासारखं चालायचं आणि मधेच सळई कापली जायची पण ढकललीच जायची न्हाई. लोखंडी हात आपला गप्प. मागून दुसरी सळई येऊन तिच्यावर चढायची, वेटोळं व्हायचं, मिल बंद, भट्टी तापलेली, माणसं बसलेली. बंद करून पुन्हा चालू केलं की यंत्र बराबर. बापू तिथंच पेटीवर बसून बघायचे, काही सापडायचं न्हाई. मस्तगडच्या हॉटेलात माझा जुना जोडीदार बसतो. त्यानं माझ्याबरोबर तीस वर्षं चिमटा धरला, आम्ही सगळे त्याला चाचा म्हणतो. मला बघितलं की बशीतला चहा तसाच ठेवून सुरू व्हायचा, "क्या मुकादम, जवाई की मशीन फिर सो गई बोलते? जवाई भी सोता, मशीन भी सोती. घर का रिवाजच है क्या?" सगळं हॉटेल हसायचं. एक जण तर म्हणाला, काम हो न हो, घरजावई तर झाला! मी तिथं चहा प्यायचा सोडला.

शेठ कधी आवाज चढवत न्हाईत, तेच वाईट. म्हणाले, "मुकादम, शनिवारपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर जुनी माणसं परत लावतो. तुमचे जावई हुशार आहेत हो, पण आमचं काम निराळं." म्हणजे माझ्या शब्दाची किंमत शनिवारी संध्याकाळी गटारात जाणार. ज्या मिलमध्ये माझी हाळी कधी वाया गेली न्हाई, त्या मिलमध्ये! मी घरी येऊन बापूंना सांगितलं. ते म्हणाले, "बरं मामा." बरं! मी परसात जाऊन लाकडं फोडली. गरज नव्हती, तरी फोडली.

शुक्रवारी म्हातारी आणि पोरगी अंबडला ओटीभरणाला गेल्त्या. जाताना स्वयंपाक झाकून ठेवला, पिवळी झेंडी लावली. मी दुपारी आलो, झेंडी बघितली, नियमाप्रमाणं काढून ठेवली, भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि पडलो. उठून बघतो तर बापू भिंतीखाली बसल्या बसल्या झोपलेले. मला वाटलं, मिलमधून खाऊन आले असतील. मी काही त्यांचा पहारेकरी न्हाई. संध्याकाळी एसटीनं बाया आल्या, म्हातारीनं टोपलं उघडलं आणि किंचाळलीच.

"अहो, भाकरी तशाच! जावई दिवसभर उपाशी? माझ्या घरात जावई उपाशी?"

"मी काय घास भरवू का त्यांना?" मी ओरडलो. जावयावर ओरडता येत न्हाई, बायकोवर येतं.

"झेंडी कुठं गेली?"

"मी काढली! दिसली, काढली, जेवलो. नियम मी केला का?"

पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काढली तर ह्यांना कळणार कसं?"

"डोळ्यानं! टोपलं दिसत न्हाई? वास येत न्हाई? जित्या माणसाला भूक लागल्याचं कळायला खणाचा तुकडा लागतो?"

एवढ्या आरडाओरड्यानं बापू जागे झाले. माझ्याकडं टक लावून बघितलं. "मामा, झेंडी तुम्ही जेवायच्या आधी काढली?"

"आधीच! बिलकुल आधी! आणि उद्याही आधीच काढीन!"

"आणि मी तेव्हा मिलमध्ये होतो."

"मंग कुठं असणार? सासुरवाडीत झोपायला निवांत वेळ कुठं मिळतो तुम्हाला!"

म्हातारीनं कपाळावर हात मारला. मी जावयाला बोललो होतो. पण बापू हसायला लागले. महिनाभरात हसले नव्हते. "मामा, तेच आहे. तेच होतंय तिथं," म्हणाले आणि पायात माझ्या वहाणा घालून मिलकडं पळाले, उपाशीच. म्हातारीनं भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात कोंबल्या. "जा. जेवल्याशिवाय परत आले तर तुम्हालाही चूल बंद." मी माझ्याच गावात जावयाच्या चपला घालून, भाकरी घेऊन, जावयामागं पळालो. तीनदा एक चप्पल मागं राह्यली.

मिलमध्ये बापू मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेले. खाता खाता सांगितलं. सळई आली की सेन्सर एकच झेंडी लावायचा. ती बघून कात्रीनं कापायचं आणि हातानं ढकलायचं. दोघं जागेवर वाट बघत असले तर दोघांना कळायचं. पण एखाद्या वेळी हात आधीची सळई आवरत गुंतलेला असायचा. तेवढ्यात कात्री झेंडी बघायची, काढून ठेवायची आणि कापायची. हात मोकळा होऊन बघतो तर झेंडी न्हाई. मंग तो झोपायचा, झोपूनच राहायचा.

"म्हणजे कात्री म्हणजे मी?" मी विचारलं.

"हो मामा."

"आणि चूक कात्रीची?"

"न्हाई. चूक माझी. झेंडी एक आणि वाट बघणारे दोन. ज्याची त्याला निराळी पाहिजे होती." त्यांनी तिथंच दोन झेंड्या केल्या, एक कात्रीची, एक हाताची. कोणी दुसऱ्याची काढायची न्हाई.

शनिवारी सकाळपासून यंत्र चाललं. दुपार झाली, पाळी बदलली, तरी थांबलं न्हाई. शेठनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा शब्द राह्यला. मी मुद्दाम हॉटेलात जाऊन चाचाला धरून आणलं, आता बघ म्हणालो, आता हस! तो जाळीजवळ उभा राह्यला. लाल सळई आली, कापली, बाजूला झाली. पुन्हा आली, कापली, बाजूला झाली. चाचा बराच वेळ बघत होता. मंग म्हणाला, "मुकादम, यां तो कोई चिल्लाताच नहीं."

"न्हाई."

"अपना गला फोकट गया."

मी त्याच्यावर चिडलो. फोकट कसा गेला? इतक्या माणसांचे पाय शाबूत घरी गेले, ते कशावर? चाचा म्हणाला, हां, वो तो है.

काम झालं, बापू पुण्याला गेले. मला तेच पाहिजे होतं, सगळ्या गल्लीला मी तेच सांगत होतो. आता घरात बराबर शांतता आहे. म्हातारी एकदा हाक मारते, मी येतो, जेवतो. पोरगी फोन करते, "बाबा, ह्यांना काही सांगायचंय का?" मी म्हणतो, न्हाई. आपण काय सांगणार? "या" म्हणून नुसतं बोलावणं माझ्याच्यानं होत न्हाई, काही तरी निमित्त पाहिजे. परवा म्हातारीला न सांगता देवळातल्या गुरुजींकडं जाऊन आलो. विचारलं, धोंड्याचा महिना कधी आहे? जावयाला बोलवावं लागतं, रिवाज आहे, आपल्या हातात थोडंच असतं. गुरुजींनी पंचांग उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यंदा न्हाई मुकादम. अजून वेळ आहे त्याला."

मी म्हणालो, नीट बघा.

त्यांनी पुन्हा बघितलं.