नायगावचा तपकिरी आखाडा

नांदेडहून नायगावची बस सुटली तेव्हा माझ्या गळ्यात कॅमेरा होता, पाठीवर तिपाई होती आणि डोक्यात खूळ होतं. पडायला आलेले गोठे शोधायचे, त्यांचे फोटो काढायचे आणि ते सेपियात करायचे, म्हणजे जुन्या अल्बमातल्यासारखे तपकिरी. पुण्यातल्या आमच्या हौशी फोटोवाल्यांच्या गटात या तपकिरी गोठ्यांना ‘काळ थांबलाय!’ अशी दाद मिळते. बायको विचारते, ‘चहा सांडला का?’ मी गटाचं मत धरून चालतो.

या खेपेला मी कॅमेराच सेपियावर लावून ठेवला होता. रंगीत प्रत उरणारच नाही असा बाणेदार बेत. मोबाईलने फोटो काढणं तर मी कमीपणाचंच समजत आलो आहे.

नायगावच्या अलीकडे उतरून शेतातल्या वाटेने चालत राहिलो आणि हवा तसा आखाडा (शेतातला गुरांचा, कडब्याचा निवारा) सापडला. झुकलेल्या लाकडी मेढी, गंजलेले पत्रे, पांढऱ्या मातीच्या भिंती. मी तिपाई रोवली ती नेमकी शेणात. ती उपसत असताना आतून एक बाई बाहेर आल्या.

“काय करून राहिले भाऊ?”

“फोटो काढतोय ताई. तुमचा आखाडा फार सुंदर आहे.”

त्यांनी एकदा आखाड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “सरकारला पाडायचा हाय का?”

“नाही हो. जुना आहे म्हणून.”

“जुना कुठं? औंदाच दार रंगवलं की!”

दार खरोखरच पोपटी होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळंच तपकिरी दिसत असल्याने माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. बाई पदर सारखा करून दाराशी उभ्या राहिल्या. माझ्या चौकटीत माणूस बसत नाही. मी शक्य तितक्या अदबीने म्हणालो, “जरा बाजूला होता का?” त्या बाजूला झाल्या, जाताना कोंबडीलाही हाकलत घेऊन गेल्या.

त्यांचं नाव सुमनबाई. नवरा गोविंदराव पाणी धरायला गेले होते. मी दारातून हटवूनही सुमनबाईंनी मला उपाशी जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि सुमनबाईंना समाधान वाटलं.

उद्या मी उदगीरला जाणार हे कळल्यावर त्या जेवता जेवता थांबल्या. “आमची रेखा उदगीरलाच दिलीय. आठवा लागलाय. डॉक्टरनी पडून राह्याला सांगितलंय. मला जनावरं सोडून जाता येईना. तिला दाखवा तेवढा आखाडा. लई जीव हाय तिचा.”

उदगीरला किल्ल्याच्या वाटेवर रफीकभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांनी माझा आखाड्याचा फोटो छापला, उजेडात धरला आणि चिंतेने म्हणाले, “सर, असा दिला तर मशीनची शाई संपली म्हणतेत लोक.” मी त्यांना कला समजावून सांगितली. त्यांनी “हाव, हाव” म्हणत पाकीट पुढे केलं.

रेखाच्या सासूबाईंनी चहा दिला. रेखा बाजेवर पडून होती. तिच्या आईने मला भाऊ म्हटलेलं, म्हणून तिने मला लगेच मामा करून टाकलं. घाईघाईने पाकिटातून फोटो काढला, पाहिला, आणि तिचा चेहराच उतरला.

“मामा, आग कधी लागली?”

“आग?”

“हे काळं पडलंय सगळं. कडबा जळाला ना? जनावरं कुठं हायत? आई कुठाय?”

माहेरी शेजारच्यांची कडब्याची गंजी उन्हाळ्यात पेटली होती म्हणे, ते हिच्या मनातून गेलं नव्हतं. मी सेपिया समजावू लागलो, पण रडणाऱ्या गरोदर बाईला सेपिया समजावता येत नाही. सासूबाईंनी गोविंदरावांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, “काई झालं न्हाई बाई.”

“बाबा मागं गाडीवरून पडले, हात मोडला, तवाबी असंच म्हणले व्हते,” रेखा म्हणाली. “रंगाचा फोटो असंल ना मामा तुमच्यापाशी?”

मी कॅमेऱ्यात शोधत राहिलो. तपकिरी आखाडा, तपकिरी बैल, तपकिरी आभाळ. रेखाने दुधाचा पेला बाजूला सारला. सासूबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आठव्या महिन्यात पोरीला असलं दाखवतेत का?”

दुसऱ्या दिवशी मुखेडमार्गे परत नायगाव. वाटेत किती देखणे गोठे दिसले म्हणून सांगू! एकाकडेही मान वर करून पाहायची हिंमत झाली नाही.

झालेला प्रकार ऐकून सुमनबाई हसतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली. “पोरीनं खाल्लं का काई?”

“माहीत नाही ताई.”

मग त्या कामाला लागल्या. दारापुढे पाणी शिंपडलं, बैल उजेडात आणून बांधले, पेटीतली आंबा रंगाची साडी नेसून आल्या. आता कोंबडीलाही जागा मिळाली. चौकटीला उंच हात टेकवून त्या म्हणाल्या, “काढा. पोरीला मी दिसले पाह्यजे.”

मी कमीपणा गिळला आणि मोबाईल काढला. पोपटी दार, पिवळा कडबा, वर निळंशार आभाळ. गंज म्हणून मी ज्यावर भाळलो होतो, तोही चांगला तांबडा होता.

शेतात इंटरनेट चालत नव्हतं. नांदेडची बस हमरस्त्याला लागली तेव्हा कुठे रेखाच्या मोबाईलवर फोटो गेला. स्टेशनवर गाडीत बसलो आणि रेखाचा फोन आला.

“फोटो मिळाला मामा.”

“बघ, आखाडा कसा धडधाकट आहे.”

“आखाड्याचं राहू द्या. आई किती वाळली हो! जेवते का ती?”

मी तिला सगळं सांगितलं. सुमनबाईंनी माझ्यासोबत बसून काय खाल्लं, किती खाल्लं, तेही अर्धं टाकून मलाच कशा वाढत राहिल्या. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की त्यांनी पुरती एक भाकरीही खाल्ली नव्हती. रेखा म्हणाली, “बाबांना फोन लावते.”

गाडी सुटली. मी फोटो मोठा करून पाहिला. चौकटीला टेकवलेल्या हातातल्या बांगड्या घसरून थेट कोपरापर्यंत आल्या होत्या. त्या बाईच्या हातची भाकरी मी खाल्ली, समोर दोनदा उभा राहिलो, आणि जुनं, झिजलेलं शोधणाऱ्या माझ्या नजरेला फक्त मेढी दिसल्या होत्या.

सुमनबाईंकडून घेतलेल्या नंबरवर मीही गोविंदरावांना फोन लावला. “तो फोटोवाला बोलतोय. ताईंना एकदा डॉक्टरला दाखवा.”

“आत्ताच पोरगी वरडली माझ्यावर,” ते म्हणाले. “उद्या सकाळीच नेतो. रोज डोळ्यासमोर असतंय भाऊ, ध्यानात येत न्हाई.”

“हाव,” मी म्हणालो.